एका दिवसात बडोदे

बाहेरगावाहून येणाऱ्या पाहुण्यांना एका दिवसात बडोदे कसे दाखवावे, ह्याविषयी काही लिहून द्या, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा काम सोपे वाटले होते. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील आपले वाचक लग्नकार्यासाठी बडोद्यास येतात. मध्ये एखादा दिवस मोकळा मिळतो. तो सत्कारणी कसा लावावा एवढेच सांगावयाचे. परंतु लिहावयास बसलो आणि ध्यानात आले की, असा दिवस आम्ही आयुष्यात एकदाच आखला, तोही गेल्या कार्तिकात. आणि ज्या पाहुण्यांसाठी आखला त्या आमच्या पूर्वीच्या पत्नी होत्या. तो प्रसंग वगळून नुसती स्थळांची यादी देणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटेना. त्यांची आणि आमच्या कन्येची अनुमती घेऊनच हे लिहीत आहोत.

आणखी एक खुलासा आरंभीच केलेला बरा. ह्या लेखातील ‘आम्ही’ हे लेखकाचे एकट्याचे ‘आम्ही’ आहे. दोघांचे ‘आम्ही’ २००८ साली संपले.

अडचण सुरू होते ती नावापासूनच. माजी आमदार असतात, माजी मुख्याध्यापक असतात (थोड्याच वर्षांत आम्हीही होऊ). परंतु ‘माजी पत्नी’ म्हटले की, त्यांनी एखादे पद सोडले आणि त्या जागी दुसऱ्या कोणाची नेमणूक झाली, असा भास होतो. तसे काही झालेले नाही. घडलेल्या गोष्टीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. ह्यांतला ‘फारकत’ हा शब्द आम्हांला विशेष वाटतो. कारण जुन्या व्यवहारात कर्ज फिटल्यावर सावकार जी लेखी मोकळीक देई, तिलाही फारकतच म्हणत. देणे-घेणे संपले, दोन्ही पक्ष मोकळे. पण मोकळे झाल्यावर ती दोन माणसे एकमेकांची कोण, ह्यासाठी आपल्या भाषेने एकही शब्द घडविलेला नाही. तेव्हा ह्या लेखात आम्ही त्यांचा उल्लेख नुसता ‘त्या’ असाच करणार आहोत.

ह्या बाबतीत आमचे शहर मागे नव्हते, हे जाता जाता सांगावयास हवे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. साऱ्या देशासाठीचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर २४ वर्षांनी, १९५५ साली आला; आणि परस्परसंमतीने वेगळे होण्याची तरतूद त्यात १९७६ साली घालण्यात आली. त्याच तरतुदीने आम्ही वेगळे झालो. भांडण असे काही नव्हते. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते, तिसरे माणूस नव्हते. घरातला एक माणूस सदैव शाळेत असे, एवढेच होते.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे ह्याच्याशी निगडित आहे. १९९६ साली लग्न होऊन त्या इंदूरहून बडोद्यास आल्या. दांडिया बाजारात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारले होते, ‘राजवाडा आतून पाहता येतो का?’ आम्ही म्हणालो होतो, परीक्षा संपू द्या. परीक्षा संपल्या तेव्हा निवडणुकीचे काम आले. मग कन्येचा जन्म झाला. २००१ च्या जानेवारीत भूकंप झाला, तेव्हा शाळेच्या भिंतीच्या भेगा मोजण्यात दिवस गेले. लगोलग फेब्रुवारीत जनगणना आली. पुढे दर जूनमध्ये शाळाप्रवेशाचा उत्सव आला, पोलिओच्या फेऱ्या आल्या. शासकीय शाळेतल्या शिक्षकास शिकविण्याखेरीज किती कामे असतात, हे वाचकांतील आमचे व्यवसायबंधू जाणतातच. परंतु खरे सांगायचे, तर त्या कामांमागे लपणे आम्हांला आवडतही असे. बारा वर्षे त्या ह्या शहरात राहिल्या. त्यांना शहर माहीत होते ते भाजीबाजार, दवाखाना, बालवाडी आणि बसस्थानक एवढेच.

घटस्फोटानंतर त्या कन्येला घेऊन इंदूरला माहेरी गेल्या आणि एका बँकेत नोकरीस लागल्या. कन्या पुढे शिक्षणासाठी येथील विद्यापीठात आली, येथेच नोकरीला लागली, आणि आता बडोद्याच्याच एका मराठी घरात तिचा विवाह ठरला. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. याद्या करण्यासाठी त्यांना कार्तिकात यावे लागणार होते. तुळशीचे लग्न झाल्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला: ‘रविवारी याद्या आटोपतील. सोमवार मोकळा आहे. बारा वर्षे बडोद्यात काढली, बडोदे पाहायचे राहिले. पाहता येईल का?’

ह्या निरोपात कोणाला उद्देशून काही नव्हते, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. लग्नाच्या बायकोला आम्ही ‘तू’ म्हणत होतो आणि त्या आम्हांला ‘अहो’ म्हणत होत्या. कागदावर सही झाली त्या दिवशी दोन्ही शब्द गेले, आणि त्यांच्या जागी दुसरे कोणते घ्यावे हे कोणालाच सुचले नाही. तेव्हापासून आमचा सारा व्यवहार ‘किती वाजता निघावे’, ‘बाहेरच जेवावे की कसे’, ‘तूर्त थांबावे’ अशा वाक्यांत चाललेला असतो. भावे प्रयोगाचा इतका उपयोग आम्ही व्याकरणाच्या तासालाही कधी केलेला नव्हता.

आम्ही उत्तर दिले की सोमवारी राजवाडा बंद असतो, तेव्हा मंगळवारपर्यंत थांबता आले तर पाहावे. (बडोदे पाहावयास येणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. सोमवारी येऊन दरवाजावरून परतलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत.) त्यांनी एक दिवसाची रजा वाढविली. आम्हीही मंगळवारची किरकोळ रजा टाकली. हे कन्येकडून त्यांना कळले, तेव्हा त्या तिला एवढेच म्हणाल्या म्हणे, ‘पहिलीच.’

मग आम्ही आखणीस बसलो. आमचा पिंड वेळापत्रकाचा. ताव घेतला, रकाने पाडले. अशा दिवसाची आखणी करताना पहिला विचार येतो तो काय दाखवावे ह्याचा नव्हे, तर काय टाळावे ह्याचा. दांडिया बाजारातील जुने घर टाळावे. जेथे लग्न लागले ते कार्यालय टाळावे. जेथे अर्ज दाखल केला ते न्यायमंदिर टाळावे. आता बडोद्याची रचना अशी की न्यायमंदिर भर वस्तीत, सूरसागर तलावाच्या समोर उभे; ते टाळून मांडवीला जायचे तर रिक्षावाला वेड्यात काढील. तरीही आम्ही आडवाटेने जाणारा मार्ग शोधून काढला. फत्तेसिंह संग्रहालयापाशी तर आमची लेखणी बराच वेळ अडली. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. १८८८ च्या सुमारास सयाजीरावांनी त्याच्याकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली. त्यांत नल-दमयंती आहेत, शंतनू आणि गंगा आहेत, हरिश्चंद्र-तारामती आहेत. मराठीची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाच्याही तोपर्यंत लक्षात आले नव्हते की, पुराणांतली निम्मी दांपत्ये एकमेकांना सोडून गेलेली आहेत! आम्ही संग्रहालयावर काट मारली.

सकाळी साडेआठपासून सायंकाळी साडेसहापर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे हिशेब मांडून असे सुरेख वेळापत्रक तयार झाले. दुपारी चार ते साडेचार ह्या रकान्यात ‘लग्नाविषयी’ असे लिहिले. मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढून इंदूरला धाडले. रात्री उत्तर आले:

‘वेळापत्रक मिळाले. अक्षर अजून तसेच सुंदर आहे. काय पाहावेसे वाटते, हे मात्र कोणी विचारले नाही.’

हे वाचून आम्ही बराच वेळ गच्चीवर बसून राहिलो. घटस्फोटाच्या अर्जात कारण म्हणून काय लिहिले होते ते आज आठवत नाही. वकिलांचे ठरावीक शब्द असतात. खरे कारण बहुधा हेच होते, आणि ते १५ वर्षे उलटून गेल्यावरही आमच्या हातून पुन्हा घडले होते, सुंदर अक्षरात.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले. त्यांची यादी तीनच ओळींची आली. रविवर्म्याची चित्रे. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची फरशी काचेची आहे असे ऐकले होते ते. आणि न्यायमंदिर. ‘त्या दिवशी आतले काही पाहणे झाले नाही. फार सुंदर आहे म्हणतात.’

आम्ही जी दोन स्थळे कष्टपूर्वक टाळली होती, ती दोन्ही त्यांच्या यादीत होती. आम्ही ताव फाडला.

नवी आखणी कन्येच्या सल्ल्याने झाली. तिने घातलेल्या अटी अशा प्रसंगातील इतरांनाही उपयोगी पडतील, म्हणून सांगतो. तिची पहिली अट, आईला घ्यायला कोठेही जायचे नाही. दोघांनी सयाजीबागेच्या दरवाजाशी भेटायचे. हे आम्हांला सुचले नसते. घ्यायला जाणे म्हणजे सून माहेराहून आणल्यासारखे होते. स्कूटर घ्यायची नाही, रिक्षा करायची. (स्कूटरवर मागे बसणाऱ्याने हात कोठे ठेवावा, हा प्रश्न तिने बोलून दाखविला नाही, पण तिच्या मनात तोच असावा.) खर्च निम्मा निम्मा, म्हणजे तिकिटे त्यांनी काढायची, रिक्षाचे आम्ही द्यायचे आणि संध्याकाळी हिशेब करायचा. आणि शेवटचे म्हणजे, ‘बाबा, व्याख्यान देऊ नका.’

ओळखीचे कोणी भेटले तर काय सांगावे, हा प्रश्न उरलाच. बडोद्यातला मराठी समाज मोठा असला तरी माणसे फिरून फिरून तीच भेटतात, आणि मुख्याध्यापकाला तर अर्धे शहर ओळखते. ‘ह्या कोण?’ ह्यावर आम्ही पुष्कळ उत्तरे तयार केली आणि खोडली. अखेरीस जे राहिले ते, ‘ह्या आमच्या मुलीच्या आई.’ दोन-तीनदा आरशासमोर म्हणून पाहिले. खरे होते, पुरेसे होते, आणि ऐकणाऱ्याला पुढे काही विचारण्याजोगे त्यात नव्हते. त्या दिवशी ते वाक्य दोनदा उपयोगी पडले.

आता स्थळांविषयी. सकाळी बाग हवी, ही आमची सूचना त्यांनीही मान्य केली होती. सयाजीबाग, जुन्या लोकांची कमाटीबाग, विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली झाली. सकाळच्या वेळी तेथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, आणि गर्दीत बोलण्याची सक्ती नसते. नदीत मगरी आहेत. भर शहरातल्या नदीत मगरी असलेले दुसरे शहर आमच्या पाहण्यात नाही. दोन अवघडलेल्या माणसांना पुलाच्या कठड्याशी उभे राहून मगर शोधण्याइतके सोयीचे काम मिळणार नाही. १० मिनिटे शोधली, दिसली नाही. तेवढ्यात पहिला अवघडलेपणा गेला. बागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ ची. तेथे देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे आणि मिसर देशातील ममीही आहे. मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांनी येथे दोन तास राखून ठेवावेत. आम्ही बाहेरूनच पुढे गेलो. ह्याच बागेत १९१७ साली, बडोद्याच्या नोकरीत असताना राहायला जागा न मिळालेले डॉ. आंबेडकर झाडाखाली बसले होते. त्या जागी त्या थांबल्या आणि पायांतल्या चपला काढल्या.

बागेजवळच कीर्तिमंदिर आहे. ही गायकवाड घराण्याची स्मृतिवास्तू. सयाजीरावांच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने १९३६ साली झाली. आतल्या भिंतींवर नंदलाल बसूंनी काढलेली मोठी चित्रे आहेत. गंगावतरण आहे, महाभारतातील युद्ध आहे, मीरेचे चरित्र आहे. १९३९ ते १९४६ ह्या काळात ती टप्प्याटप्प्याने झाली. आम्ही बडोद्यात जन्मलो, वाढलो. विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन राजवाड्यावर गेलो. पण ह्या चित्रांसमोर आम्ही त्या दिवशी प्रथमच उभे राहिलो. हे कबूल केले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे मलाच दाखवायचे राहिले होते असे नाही.’ आम्हांला इतके हलके पूर्वी कधी वाटले नव्हते. येथे आत जाण्याविषयी आधी चौकशी केलेली बरी.

लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी फार लिहीत नाही. त्यावर पुष्कळ लिहिलेले आहे. मेजर मँट ह्यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर चिझम ह्यांनी काम पुरे केले, १८९० साली वास्तू सिद्ध झाली. दरबार दिवाणखान्याची मोझेकची जमीन आणि रंगीत काचा पाहाव्यात. येथे तिकिटासोबत कानाला लावायचे एक यंत्र देतात. ते प्रत्येक दालनाची माहिती सांगते. दोघांच्या कानांत दोन यंत्रे, दोघे एकाच दालनात, आणि कोणालाच काही बोलावयास नको. आमच्यासारख्यांसाठी ह्याहून उत्तम सोय कोणी केली असेल असे वाटत नाही. कन्येची व्याख्यानबंदीही त्यामुळे आपोआप पाळली गेली.

चित्रसंग्रहात मात्र यंत्र चालेना, का कोण जाणे. आमचा जीव खालीवर होत होता. त्या एकेका चित्रापुढे सावकाश उभ्या राहत होत्या. रविवर्म्याच्या बायकांच्या अंगावरच्या साड्यांचे काठ, हातांची बोटे, दागिने. त्यांचे लक्ष तेथे होते. पुराणातील दांपत्यांच्या विरहाकडे त्यांचे मुळीच लक्ष नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘लग्नात हिला असा हिरवा शालू शोभेल.’ काय टाळावे ह्याची आम्ही रात्ररात्र केलेली काळजी किती आमच्याच डोक्यातली होती, हे त्या हिरव्या शालूने दाखवून दिले.

दुपारी सेव-उसळ खाल्ली. आपल्या मराठी उसळीने गुजरातेत येऊन अंगावर शेव पांघरली आणि ती बडोद्याची होऊन बसली. तिच्या तिखटाचा ठसका लागल्यावाचून बडोद्याला आल्याची खात्री पटत नाही. येथला लीलो चिवडोही प्रसिद्ध आहे, परंतु इंदूरच्या माणसाला फरसाण भेट देऊ नये, एवढा व्यवहार आम्हांला कळतो. वाटेत रावपुऱ्याकडे तांबेकरांचा वाडा आहे. १८४९ ते १८५४ ह्या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा, आणि भिंती चित्रांनी भरलेल्या. मराठी माणसाने तो चुकवू नये. आम्ही चुकविला, कारण त्यांना ग्रंथालयात जास्त वेळ हवा होता.

मध्यवर्ती ग्रंथालयाची कथा सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. १९०६ साली महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शिकलेल्यांनी पुढे वाचायचे काय, म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास आणून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यांवर मजले चढत गेलेल्या आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे. हेतू हा की वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा. त्या बारा वर्षे येथून जेमतेम अर्ध्या तासाच्या वाटेवर राहत होत्या. लग्नाआधी त्यांना वाचनाचे वेड होते. सभासदत्वाचा अर्ज आम्ही एकदा आणूनही दिला होता. त्यावर शिफारशीची सही करण्यास आम्हांला सवड झाली नाही. त्यांनी काचेवर पहिले पाऊल टाकले, आणि आमच्या तोंडून निघून गेले, ‘जपून, पाय नीट टाक.’

भावे प्रयोग सकाळपासून टिकला होता, तो तेथे तुटला. त्यांनी मागे वळून पाहिले. ‘काच जाड आहे, अहो,’ त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यानंतर दोघांनीही ते शब्द पुन्हा उच्चारले नाहीत. पण शोधाशोध करावी लागली नाही, वाक्ये आपोआप होत गेली.

चारचा रकाना ग्रंथालयाबाहेरच्या पायरीवर आला. कन्यादानाला कोणी बसायचे, हा तो प्रश्न. वराकडील मंडळी जुन्या वळणाची. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या दिवसापुरते आम्ही दोघांनी एकत्र बसावे, असे आमच्या मनात होते. तसे आम्ही कन्येजवळ सूचितही केले होते. आणि खरे सांगायचे तर, ते केवळ वराकडील मंडळींसाठी नव्हते.

त्या म्हणाल्या, ‘नको. विधी चालू असताना मी हाताला हात लावून बसायचे, आणि गुरुजी सपत्नीक म्हणणार. जे नाही ते अग्नीसमोर कशाला? तिचे मामा-मामी बसतील. ती तयार आहे.’

आम्ही काही बोललो नाही. रिक्षांचे भोंगे वाजत होते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘मंगलाष्टकांना तिच्या मागे मात्र दोघांनी उभे राहायचे. मामांच्या शेजारी नाही. तिच्या मागे. ते खोटे होणार नाही.’

‘उजवीकडे कोण?’ आम्ही विचारले.

‘ते तिला विचारू,’ त्या म्हणाल्या.

वेळापत्रकात अर्धा तास राखला होता. पाच मिनिटांत काम झाले.

न्यायमंदिराशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. ही इमारत १८९६ ची. सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई तरुण वयात गेली. तिच्या स्मरणार्थ ती बांधली. मुळात तेथे बाजार भरावयाचा होता. पुढे न्यायालये आली आणि सव्वाशे वर्षांच्या आत बाहेर पडली. २०१८ साली न्यायालये नव्या संकुलात गेली. त्या संध्याकाळी दारे बंद होती. मधल्या दालनातले रंगीत मोझेकचे काम त्यांना पाहावयाचे होते; ते राहिलेच. आम्हांला फार चुकल्यासारखे झाले; चौकशी करावयास हवी होती. त्या म्हणाल्या, ‘असू दे. त्या दिवशी तरी कुठे वर पाहिले? वकिलांच्या मागे मागे चाललो होतो.’ मग बाहेरून सगळ्या बाजूंनी फिरून पाहिले, कमानी पाहिल्या, घुमट पाहिले. आजवर त्या इमारतीशेजारून मान खाली घालून जात आलो होतो, ती खरोखरीच देखणी आहे.

सूरसागराच्या कठड्याशी बसून शेंगा घेतल्या. तलावाच्या मध्यभागी १११ फुटांची शिवमूर्ती आहे. तिच्यावर दिवे लागले. तेथे कन्येच्या सांगण्याप्रमाणे हिशेब केला. तिकिटे त्यांची, रिक्षा आमच्या, उसळ त्यांची, शेंगा आमच्या. मिळवणी-वजाबाकी करता त्यांच्याकडे चाळीस रुपये निघाले. त्यांनी पर्स उघडून पाहिली. पाचशेची नोट होती, सुटे नव्हते. आजकाल असे पैसे मोबाईलवरून क्षणात पाठविता येतात. त्या बँकेत आहेत, त्यांना हे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. त्यांनी मोबाईल काढला नाही. आम्हीही आठवण केली नाही. लग्नात देऊ, असे ठरले.